बाभळीचं शास्त्रीय नाव का बदललं? सजीवांचं नामकरण आणि वर्गीकरण, सोप्या भाषेत

बाभळीचं शास्त्रीय नाव काय, असं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारा. 'अकेशिया निलोटिका' हे उत्तर तोंडावर असतं. आज नव्या पुस्तकात तेच झाड 'व्हॅचेलिया निलोटिका' या नावाने भेटतं. खैराचंही तसंच. तो अकेशिया कॅटेचू होता, आता सेनेगालिया कॅटेचू झालाय. झाडं मात्र होती तशीच आहेत. काटे तेच, शेंगा त्याच. मग नाव का बदललं? शास्त्रीय नावाचा सगळा खटाटोप तर नाव जगभर एकच राहावं आणि टिकावं यासाठीच केला होता ना?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे. सजीवाला नाव देणं हे एक काम आणि त्याचे नातलग कोण हे ठरवणं हे दुसरं काम. पहिलं काम नियमांचं आहे, जवळजवळ कायद्याचं. कोणतं नाव ग्राह्य, कोणतं बाद, याचे लेखी नियम आहेत. दुसरं काम विज्ञानाचं आहे. तिथे नवा पुरावा आला की जुनं मत सोडावं लागतं. शास्त्रीय नावाच्या दोन शब्दांत ही दोन्ही कामं एकत्र बांधली गेली आहेत. नामांतराचे बहुतेक सगळे घोळ या एका गाठीतून येतात.

आधी नावाकडे बघू.

अठराव्या शतकापर्यंत युरोपातले अभ्यासक लॅटिनमध्ये लिहीत आणि वनस्पतीचं नाव म्हणजेच तिचं वर्णन असे. टोमॅटोचं नाव होतं 'सोलॅनम कॉले इनर्मी हर्बेसिओ, फोलिइस पिनॅटिस इन्सिसिस, रॅसिमिस सिंप्लिसिबस'. म्हणजे बिनकाट्याच्या मऊ खोडाचं, पिसासारख्या विभागलेल्या कातरलेल्या पानांचं, साध्या फुलोऱ्याचं सोलॅनम. हे नाव लक्षात ठेवणं अवघड होतंच, पण खरी अडचण पुढे होती. नावानेच त्या झाडाला त्याच्या सगळ्या भाऊबंदांपासून वेगळं ओळखवायचं, अशी अपेक्षा होती. त्यामुळे नवा भाऊबंद सापडला की जुन्याचं नाव अपुरं पडायचं, आणि त्यात आणखी दोन शब्द जोडावे लागायचे. दूरदेशांतून जहाजं भरभरून वनस्पती येत होत्या, तशी नावं लांबत चालली होती.

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली वनस्पतींचा मोठा ग्रंथ छापला. त्यातही लांबलचक नावं आहेतच. पण प्रत्येक नावाशेजारी, पानाच्या समासात, त्याने एकेक सुटा शब्द टाकला. टोमॅटोच्या शेजारी 'लायकोपर्सिकम'. प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव आणि हा शब्द जोडला की झालं सोलॅनम लायकोपर्सिकम. लिनियसच्या लेखी हे सोयीचं टोपणनाव होतं, खरं नाव ते लांबलचकच. दोन शब्दी नावं त्याच्याही आधी कास्पर बाउहिनने १६२३ मध्ये बऱ्याच ठिकाणी वापरली होती. लिनियसचं श्रेय असं की त्याने ती पद्धत एकही जात न सोडता सगळीकडे लावली. १७५८ मध्ये आपल्या दुसऱ्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याने प्राण्यांनाही हाच न्याय लावला. आज वनस्पतींच्या बहुतेक नावांची मोजणी १७५३ पासून आणि प्राण्यांची १७५८ पासून सुरू होते. त्याआधीची नावं कितीही चांगली असली तरी नियमाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत.

या सुट्या शब्दाने फार मोठी गोष्ट साधली. वर्णन करण्याच्या जबाबदारीतून नाव मोकळं झालं. आता नाव खरं असण्याचीही गरज उरली नाही. एका स्वर्गीय पक्ष्याचं ('बर्ड ऑफ पॅराडाइज'चं) नाव 'पॅराडिसिया अपोडा' आहे, म्हणजे बिनपायांचा. त्याला पाय चांगले धडधाकट आहेत. पण युरोपात पोचणाऱ्या व्यापारी कातड्यांचे पाय आधीच काढून टाकलेले असत, आणि लिनियसने तेच नाव नोंदवलं. 'सिला पेरुव्हियाना' नावाचं फुलझाड पेरूमधलं नाही, भूमध्य समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यांवरचं आहे. ही नावं चुकीची आहेत म्हणून कुणी बदलत नाही आणि बदलूही नयेत, असं मला ठामपणे वाटतं. नावाचं काम बोट दाखवण्याचं आहे. प्रत्येक चूक दुरुस्त करत बसलो तर ज्याच्याकडे बोट दाखवायचं तेच हरवेल.

आता वाघाचं पूर्ण नाव जवळून पाहू: पँथेरा टायग्रिस (लिनियस, १७५८). छापील शास्त्रीय लेखनात हे नाव रोमन लिपीत आणि तिरप्या अक्षरांत असतं. पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसऱ्या शब्दाचं लहान. पहिला शब्द प्रजातीचा. सिंह, बिबट्या, जग्वार हेही पँथेराच आहेत. दुसरा शब्द त्या प्रजातीतली नेमकी जात सांगतो. त्यापुढे नाव देणाऱ्याचं नाव आणि साल. आणि तो कंस? तो उगाच नाही. प्राण्यांच्या नावात कंसाचा अर्थ असा की लिनियसने या जातीला नाव दिलं खरं, पण वेगळ्या प्रजातीत टाकून. त्याने वाघाला 'फेलिस टायग्रिस' म्हटलं होतं, म्हणजे मांजराच्याच प्रजातीत ठेवलं होतं. पुढे मोठी मार्जारं वेगळी काढली गेली, पहिला शब्द बदलला, दुसरा टिकला, आणि या घडामोडीची खूण म्हणून कंस आला. 'होमो सेपियन्स लिनियस, १७५८' यात कंस नाही, कारण आपण पहिल्या दिवसापासून होमोच आहोत.

इथे शब्दांचा एक खुलासा करायला हवा, कारण बातम्यांमध्ये हे सतत उलटसुलट होतं. मराठी पाठ्यपुस्तकांत वरची पायरी ती 'प्रजाती' आणि तिच्या खालची, सगळ्यांत नेमकी, ती 'जाती'. 'बेडकाची नवी प्रजाती सापडली' अशी बातमी वाचली तर बहुतेक वेळा नवी जात सापडलेली असते. नवी प्रजाती सापडणं ही त्याहून बरीच मोठी घटना आहे.

प्रजातीच्या वर पायऱ्या चढत जातात. वाघ पँथेरा प्रजातीतला, ती प्रजाती मार्जार कुलात, ते कुल मांसभक्षी गणात, तो गण सस्तन वर्गात, तो वर्ग रज्जुमान संघात आणि तो संघ प्राणी सृष्टीत. कुलांची नावं शेपटावरून ओळखू येतात. प्राण्यांच्या कुलाच्या शेवटी 'इडी' येतं, जसं मार्जारांचं फेलिडी. वनस्पतींच्या शेवटी 'एसी', जसं टोमॅटो-वांग्याचं सोलॅनेसी. नाव म्हणजे वर्णन नव्हे हे वरच्या पायऱ्यांनाही लागू आहे. मोठा पांडा जवळजवळ सगळं आयुष्य बांबू खाऊन काढतो, तरी तो मांसभक्षी गणातच आहे. कारण तो अस्वल आहे आणि अस्वलं त्या गणातली.

या पायऱ्यांबद्दल एक गोष्ट शाळेत सहसा सांगितली जात नाही. निसर्गात 'कुल' किंवा 'गण' नावाची वस्तू नाही. नाती खरी आहेत, पायऱ्या आपण आखलेल्या आहेत. भुंग्यांचं एक कुल आणि पक्ष्यांचं एक कुल यांचं वय, आकार, वैविध्य यांत काहीच मेळ नसतो. दोन्हींना कुल म्हणतात, एवढंच साम्य. त्यामुळे 'इथे चाळीस कुलं आहेत आणि तिथे साठ' अशा तुलनांवर फार भिस्त ठेवू नये.

नाव देण्याचे नियम कोण ठरवतं? प्राण्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. वनस्पती, शैवाल आणि बुरशी यांची संहिता वेगळी. तिच्यात बदल साधारण दर सहा वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदानाने होतात. जिवाणूंची तिसरी, विषाणूंची चौथी. या संहिता एकमेकींना बांधील नाहीत, आणि त्यातून काही मौजेचे प्रकार घडतात. 'मोरस' हे तुतीच्या प्रजातीचं नाव आहे आणि गॅनेट या समुद्रपक्ष्याच्या प्रजातीचंही. दोन्ही वैध, कारण संहिता वेगळ्या. प्राण्यांमध्ये दोन्ही शब्द सारखे चालतात. नाग 'नाजा नाजा' आहे, चितळ 'अ‍ॅक्सिस अ‍ॅक्सिस'. वनस्पतींत अशी पुनरुक्ती निषिद्ध आहे.

विषाणूंची सोडली तर बाकी संहितांचा कणा एकच: जो आधी, त्याचं नाव खरं. डायनोसॉरप्रेमींना याची एक ठसठस माहीत आहे. अमेरिकेच्या ओथनिएल मार्शने १८७७ मध्ये एका प्रचंड डायनोसॉरला अ‍ॅपॅटोसॉरस नाव दिलं आणि १८७९ मध्ये दुसऱ्या सांगाड्याला ब्राँटोसॉरस. १९०३ मध्ये एल्मर रिग्जने दाखवलं की ही दोन्ही एकाच प्रजातीतली आहेत. मग आधीचं नाव टिकलं, नंतरचं गेलं. लोकांना ब्राँटोसॉरसच आवडत होता, पण आवडीला नियमात जागा नाही. पुढे २०१५ मध्ये हाडांच्या शेकडो बारकाव्यांची तुलना करून एका अभ्यासाने म्हटलं की दोन्ही खरोखर वेगळ्या प्रजाती आहेत, आणि ब्राँटोसॉरस परत आला. त्याचं नाव खोडून टाकलेलं नव्हतंच. तेच प्राणी वेगळे ठरले की पुन्हा लागू होईल अशा अवस्थेत ते नोंदीत पडून होतं. नियम तोच राहिला, मत दोनदा बदललं.

पण एक मूलभूत प्रश्न राहतोच. नाव नेमकं कशाला लागलेलं असतं? वर्णनाला म्हणावं, तर वर्णनं चुकतात. चित्रांचंही तेच. म्हणून नाव एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधतात. त्याला 'टाइप' नमुना म्हणतात. नवी जात जाहीर करणारा अभ्यासक एक नमुना निवडतो, तो संग्रहालयात जमा करतो आणि शोधनिबंधात त्याचा क्रमांक देतो. तो नमुना त्या जातीतला सर्वोत्तम किंवा सरासरी असण्याची गरज नाही. ती नाव अडकवायची खुंटी आहे. पुढे कुणी म्हणालं की या एका जातीत खरं तर तीन जाती मिसळल्या आहेत, तर जुनं नाव कुणाकडे राहणार हे एका गोष्टीवर ठरतं: ही खुंटी त्या तिघांतल्या कुणाच्या बाजूला आहे.

खुंटी चुकीच्या भिंतीवर ठोकली गेली तर काय होतं, ते आशियाई हत्तीच्या बाबतीत दिसलं. लिनियसने १७५८ मध्ये 'एलेफास मॅक्सिमस' हे नाव दिलं तेव्हा सगळे हत्ती एकच, अशी त्याची समजूत होती. आफ्रिकी हत्तीला वेगळं नाव मिळायला १७९७ साल उजाडलं. लिनियसच्या आधारांपैकी एक होता स्पिरिटमध्ये जपलेला हत्तीचा गर्भ. आम्सटरडॅमचे औषधविक्रेते अल्बर्टस सेबा यांच्या प्रसिद्ध संग्रहातून तो स्वीडनच्या राजाकडे आला होता आणि आजही स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. सुरकुतलेला, सोंड पोटाशी घेतलेला इवलासा जीव. त्याच्या ठेवणीवरून काही जणांना शंका येत होती की हा आशियाई नसावा. अडीचशे वर्षं द्रवात राहिल्याने डीएनए पार खराब झाला होता, म्हणून संशोधकांनी त्याच्या प्रथिनांचीही तपासणी केली. २०१३ मध्ये निकाल आला: गर्भ आफ्रिकी हत्तीचा. म्हणजे त्यालाच खुंटी मानलं असतं तर आशियाई हत्तीचं नाव आफ्रिकी हत्तीकडे गेलं असतं! वाट निघाली ती लिनियसच्याच पानावरून. त्याने जॉन रे या इंग्रज अभ्यासकाच्या १६९३ सालच्या वर्णनाचाही हवाला दिला होता, आणि रे यांनी ज्या सांगाड्यावरून ते लिहिलं तो इटलीत फ्लोरेन्सच्या संग्रहालयात अजून उभा आहे. त्याचा डीएनए तपासला, तो निःसंशय आशियाई निघाला, आणि तोच सांगाडा 'एलेफास मॅक्सिमस'चा अधिकृत टाइप ठरला. एका नावाची जागा पक्की करायला तीन देशांतले संग्रह, प्रथिनांचं रसायनशास्त्र आणि सतराव्या शतकातलं लॅटिन असं सगळं लागलं. संग्रहालयांच्या तळघरांतल्या बरण्या सांभाळण्यावर पैसा कशाला घालवायचा, असं विचारणाऱ्यांना मला हीच गोष्ट सांगावीशी वाटते.

(होमो सेपियन्सचा टाइप कोण? लिनियसने नमुना ठेवला नव्हता. १९५९ मध्ये विल्यम स्टर्न यांनी लिहिलं की हा मान खुद्द लिनियसलाच जायला हवा. तो उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये दफन केलेला आहे.)

आता दुसऱ्या कामाकडे, नात्यांकडे वळू.

लिनियसने फुलझाडांची विभागणी प्रामुख्याने पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून केली. हातात फूल घ्या, मोजा, योग्य कप्प्यात टाका. वापरायला अतिशय सोपं, पण त्यात दूरची झाडं शेजारी आणि सख्खी दूर पडायची. हे त्यालाही ठाऊक होतं. प्राण्यांत त्याची नजर जास्त खोल गेली. आधीच्या आवृत्त्यांत माशांत असलेला देवमासा त्याने १७५८ मध्ये सस्तनांत आणला, कारण तो पिलांना दूध पाजतो आणि फुप्फुसाने श्वास घेतो. तरी गटांत एवढी साम्यं का असावीत, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते डार्विनने १८५९ मध्ये दिलं: साम्य आहे कारण पूर्वज एक आहे. त्या दिवसापासून वर्गीकरण म्हणजे वंशावळ शोधणं झालं.

पण वंशावळ शोधायची कशी? साम्यं तर कितीतरी प्रकारची असतात. जर्मनीचे कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये याचं नेमकं सूत्र मांडलं: सगळी साम्यं सारख्या मोलाची नसतात. माणसाच्या हाताला पाच बोटं, पालीच्या पायालाही पाच. घोड्याच्या पायाला एकच. म्हणून माणूस घोड्यापेक्षा पालीला जवळचा ठरतो का? नाही. पाच बोटं हा तिघांच्याही अतिप्राचीन पूर्वजाचा वारसा आहे. माणसाने आणि पालीने तो राखला, घोड्याने गमावला. जुनं ते दोघांकडे उरलं, याने नातं सिद्ध होत नाही. नातं सिद्ध होतं ते वाटेत नव्याने घडलेल्या आणि दोघांत सामाईक असलेल्या गोष्टीने. माणूस आणि घोडा या दोघांनाही केस आहेत, दोघंही पिलांना दूध पाजतात, आणि पालीकडे यातलं काही नाही. हेनिग यांची दुसरी अट अशी की खरा गट म्हणजे एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज. मधलेच कुणी गाळायचे नाहीत.

ही अट दिसायला साधी आहे, पण तिने शाळेत पाठ केलेली चित्रं मोडली. मगर ही पाल आणि सरड्यापेक्षा कावळ्याची जवळची नातलग आहे. तेव्हा 'सरीसृप' हा गट खरा ठेवायचा असेल तर त्यात पक्षीही घ्यावे लागतात. 'मासे' तर त्याहून अवघड. फुप्फुसमासा वंशावळीत सामन माशापेक्षा गाईच्या जवळ आहे. मासा हा शब्द बोलायला, पकडायला, शिजवायला उपयोगी आहे. वंशावळीतली फांदी म्हणून तो नाही.

डीएनए वाचता यायला लागल्यावर आणखी धक्के बसले. देवमाशाचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग पाणघोडे निघाले. जीवाश्म अभ्यासकांना ते आधी पटेना. मग २००१ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या, अजून पाय शाबूत असलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडं प्रसिद्ध झाली. त्या हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच होती, जी फक्त हरणं, डुकरं, पाणघोडे अशा समखुरी प्राण्यांत असते. रेणू आणि हाडं एकाच गोष्टीवर बोट ठेवत होती.

मला स्वतःला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते कमळ. कमळ आणि कुमुद, दोन्ही पाण्यात, दोन्हींची मोठी गोल पानं, दोन्हींच्या फुलांना पाकळ्यांच्या अनेक फेऱ्या. लिनियसने दोन्ही एकाच प्रजातीत घातली होती. नीट पाहिलं तर फरक दिसतात. कुमुदाचं पान पाण्यावर लोळतं आणि त्याला काठापासून देठापर्यंत चीर असते. कमळाचं पान अखंड ताटासारखं, बहुधा पाण्याच्या वर उचललेलं, आणि देठ बरोबर मधोमध खालून जोडलेला. कमळाच्या फुलात मध्यभागी सपाट माथ्याचा शंकू असतो आणि त्याच्या भोकांत एकेक बी बसते. कुमुदात तसं काही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कमळाच्या परागकणाला तीन खाचा दिसतात. अशी तीन खाचांची घडण सपुष्प वनस्पतींच्या एका फार मोठ्या शाखेची खूण आहे आणि कुमुद त्या शाखेत नाही. डीएनएने निकाल दिला तो असा: कुमुद सपुष्प वनस्पतींच्या अगदी सुरुवातीला फुटलेल्या फांद्यांपैकी एकीवर बसतं, आणि कमळाच्या जवळच्या नातलगांत येतो चिनार. पाण्यातली नाजूक वनस्पती आणि शंभर फुटी वृक्ष एका गणात! पाण्यात राहण्याच्या गरजेने दोन परक्या घराण्यांना एकच रूप दिलं.

सगळ्यांत वरच्या पायरीवरही उलथापालथ झाली. बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांची जवळची नातलग ठरली. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवलं की जिवाणू समजले जाणारे काही सूक्ष्मजीव मुळात जिवाणू नाहीतच. ते आर्किया. १९९० पासून सृष्टीच्याही वर तीन अधिक्षेत्रं मांडली जातात: जिवाणू, आर्किया आणि पेशीत केंद्रक असलेले बाकी सगळे, म्हणजे आपण, आंबा आणि अळंबी धरून.

बाभळीचं कोडं आता उलगडतं. अकेशिया ही तेराशेहून अधिक जातींची अवाढव्य प्रजाती होती. त्यातल्या हजाराच्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या, बाकीच्या आफ्रिका, आशिया आणि अमेरिकेतल्या. डीएनएच्या अभ्यासांतून दिसलं की ही एक फांदी नाही, अनेक वेगवेगळ्या फांद्या एका नावाखाली बांधल्या गेल्या आहेत. त्या सोडवणं भाग होतं. हे झालं विज्ञानाचं काम, आणि त्यावर फारसा वाद नव्हता. वाद पेटला तो नियमाच्या कामावर. जातीच्या नावाची खुंटी जसा एक नमुना, तशी प्रजातीच्या नावाची खुंटी एक जात असते, ती टाइप जात. प्रजाती फुटली की जुनं नाव तिच्या टाइप जातीकडे राहतं, आणि अकेशियाची टाइप जात होती आपली बाभूळ. नियम जसाच्या तसा लावला असता तर बाभूळ अकेशिया राहिली असती आणि ऑस्ट्रेलियातल्या हजारभर जातींची नावं बदलावी लागली असती. म्हणून एक प्रस्ताव आला की टाइपच बदला, ऑस्ट्रेलियातली एक जात टाइप करा, म्हणजे कमी नावं बदलतील. २००५ च्या व्हिएन्ना परिषदेत यावर मतदान झालं. निम्म्याहून जास्त मतं प्रस्तावाच्या विरोधात पडली, तरी प्रस्तावाच्या बाजूची समितीची शिफारस फेटाळायला ६० टक्के मतं हवी होती आणि तेवढी भरली नाहीत. प्रस्ताव टिकला. २०११ च्या मेलबर्न परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केलं. अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे राहिलं आणि बाभूळ व्हॅचेलिया झाली. नावांची उलथापालथ कमी व्हावी हा हेतू समजण्यासारखा आहे, पण नियम सर्वांना सारखा असावा म्हणणाऱ्या आफ्रिका-आशियातल्या अभ्यासकांची नाराजीही मला रास्त वाटते.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र ढळली नाही. लिनियसने १७५३ मध्ये बाभळीला 'मिमोसा निलोटिका' म्हटलं होतं. पुढे ती अकेशिया निलोटिका झाली, आता व्हॅचेलिया निलोटिका. पहिला शब्द नात्याबद्दलचं मत सांगतो आणि मत दोनदा बदललं. दुसरा शब्द पावणेतीनशे वर्षं जागचा हलला नाही. जुन्या नोंदी शोधायच्या असतील तर त्याचंच बोट धरायचं. टोमॅटोची गोष्ट तर गोल फिरून आली. फिलिप मिलरने १७६८ मध्ये त्याला सोलॅनममधून बाहेर काढून लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम केलं, दोन शतकं पुस्तकांत तेच छापलं गेलं, आणि डीएनएने दाखवलं की तो बटाटा-वांग्यांच्या सोलॅनममध्येच खोलवर बसतो. आज तो पुन्हा सोलॅनम लायकोपर्सिकम आहे.

जात म्हणजे नेमकं काय, यावर एकमत नाही. अर्न्स्ट मेयर यांची १९४२ ची व्याख्या सर्वाधिक माहीत आहे: जे सजीव निसर्गात आपापसांत प्रजनन करतात आणि इतरांपासून त्या बाबतीत तुटलेले असतात, ते एका जातीचे. ती पक्ष्यांना छान लागू पडते, जीवाश्मांना आणि नुसत्या विभाजनाने वाढणाऱ्यांना नाही. तरीही जातीची सीमा कुठे आखली यावर माणसांचे जीव अवलंबून असू शकतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात एक कोडं होतं. मलेरिया पसरवणारा 'अ‍ॅनॉफिलिस मॅक्युलिपेनिस' डास काही भागांत भरपूर, पण तिथे मलेरिया नाही. १९२० च्या दशकात डोमेनिको फॅलेरोनी या इटालियन आरोग्य निरीक्षकाच्या लक्षात आलं की हे डास दिसायला एकसारखे असले तरी त्यांच्या अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी असते, आणि एक मादी नेहमी एकाच नक्षीची अंडी घालते. एका नावाखाली अनेक जाती दडल्या होत्या. काही माणसाला चावणाऱ्या, काही गुराढोरांवर भागवणाऱ्या. हे समजल्यावर कुठल्या पाणथळीवर मेहनत घ्यायची ते ठरवता आलं.

आता असं काम डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरूनही होतं. पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचवलं की प्राण्यांच्या एका ठरावीक जनुकातली साडेसहाशेच्या आसपास अक्षरं वाचली की जात ओळखता येते. इशारा म्हणून ही पद्धत उत्तम आहे, निकाल म्हणून एकटी पुरत नाही. सीमा बदलली की संरक्षणाची गणितंही बदलतात. आफ्रिकी हत्ती एक धरला तर त्याची एकूण संख्या बरी वाटायची. २०२१ मध्ये जागतिक लाल यादीने गवताळ प्रदेशातला आणि जंगलातला अशा दोन जाती पहिल्यांदा वेगवेगळ्या तपासल्या, आणि जंगलातला हत्ती थेट 'अतिसंकटग्रस्त' ठरला.

आजवर सुमारे वीस लाख जातींना नावं मिळाली आहेत. २०११ च्या एका गाजलेल्या अंदाजानुसार नुसत्या केंद्रकधारी सजीवांच्याच ८७ लाख जाती असाव्यात. जिवाणू आणि आर्किया यांची तर मोजदादच अवघड, आणि तिथे खुंटीची कल्पनाच अडते. जिवाणूंच्या संहितेला टाइप म्हणून जिवंत, शुद्ध संवर्धन लागतं, तेही दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवलेलं. पण बहुसंख्य सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. समुद्रतळाच्या गाळातून त्यांचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच वाचता येतो, जीव मात्र कुपीत येत नाही. जनुकसंचालाच टाइप मानावं, ही मागणी संहितेच्या समितीने २०२० मध्ये नाकारली. तेव्हा काही अभ्यासकांनी २०२२ मध्ये 'सीक्वकोड' नावाची स्वतंत्र नियमावली सुरू केली, जी जनुकसंचाला टाइप मानते. सध्या दोन्ही शेजारी शेजारी चालू आहेत, आणि गाळातल्या एखाद्या आर्कियाचं नाव वैध आहे की नाही हे तुम्ही कोणती नियमावली उघडता यावर ठरतं.